मदत हवी आहे: मुलाला रोज पंप, पुतणीला मात्र खोकल्याचं औषध. घरच्यांना कसं समजवावं?

सायली_पुणे:

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आणि पुतणी तेरा. दोघांनाही दमा आहे. निदान एकाच बालरोगतज्ज्ञांनी केलं आणि दोघांच्या चिठ्ठीवर औषधंही तीच आहेत: रोज दोन वेळा ब्युडेसोनाइडचा पंप, आणि धाप लागली तर सालब्युटामॉलचा निळा पंप. आम्ही पुण्यात राहतो. दीर, जाऊ आणि सासूबाई सांगली जिल्ह्यात गावी.

माझा मुलगा सुट्टीत गावी गेला की त्याच्या पंपाकडे सगळ्या घराचं लक्ष असतं. सासूबाई स्वतः स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) हातात धरतात, मग त्याला चूळ भरायला लावतात. पुतणीचा पंप मात्र कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेला असतो. पाहुणे आले की तो काढायचा नाही. शाळेच्या दप्तरात तर नाहीच, कारण मुली बघतील, मग गावभर होईल. रोजचा पंप दिवाळीनंतर बंदच केलाय. त्याऐवजी मेडिकलमधून आणलेलं खोकल्याचं पातळ औषध, आणि अगदीच घरघर वाढली की दवाखान्यात नेऊन वाफ.

सासूबाई वाईट नाहीत, हे आधीच सांगते. नातीवर त्यांचा जीव आहे. पण त्यांचं म्हणणं, "पोरीच्या जातीला एकदा पंप लागला की सुटत न्हाई. उद्या सोयरीक जुळवताना कुणी इचारलं तर काय सांगायचं?" जाऊबाईंना पटत नाही, पण त्या बोलत नाहीत. दिरांना वाटतं, पंपाने उंची खुंटते.

यंदा पाळी सुरू झाल्यापासून पुतणीचा त्रास वाढलाय. त्यात ऊसतोड झाली की शिवारात पाचट पेटवतात, आणि पहाटे बंबाजवळ तीच असते. गेल्या वेळी बोलताना तिला एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. मी घाबरले.

विचारायचंय ते असं. मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी दम्याचं औषध खरंच वेगळं असतं का? पाळीचा आणि दम्याचा संबंध आहे का? आणि मोठी जाऊ म्हणून मी यात पडू, पण कसं, की जाऊबाईंना खाली बघावं लागू नये?

—

बालरोग_डॉ:

सायलीताई, आधी तातडीचं. वाक्य पुरं न होणं, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर दिसणं यातलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही, थेट रुग्णालय. निघेपर्यंत निळा पंप स्पेसरमधून एकेक करून चार फवारे, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास. चार मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा चार. हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवं, आजींना तर नक्कीच. नातवाला त्या देतातच, म्हणजे हात बसलेला आहे.

आता तुमचा प्रश्न. मात्रा ठरते ती वय, दम्याची तीव्रता आणि आधीच्या उपचाराचा परिणाम यांवरून. मुलगा की मुलगी, यावरून नाही. फरक आहे तो आजाराच्या चालीत. लहानपणी दमा मुलग्यांमध्ये जास्त दिसतो, कारण त्या वयात फुप्फुसांच्या मानाने त्यांच्या श्वासनलिका अरुंद असतात. म्हणून दहा वर्षांखालच्या मुलग्यांना पंप जास्त लिहून दिले जातात, आणि त्यात गैर काही नाही. वयात येताना चित्र उलटतं. बऱ्याच मुलग्यांचा त्रास कमी होतो, मुलींचा वाढतो किंवा नव्याने सुरू होतो. संप्रेरकांचा यात हात आहे. काही मुलींना पाळीच्या आधीच्या दिवसांत धाप जास्त लागते. जाऊबाईंना एका वहीत पाळीची तारीख आणि त्रासाचे दिवस लिहायला सांगा, डॉक्टरांना फार उपयोग होईल.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. ज्या वयात मुलीचा दमा डोकं वर काढतो, नेमक्या त्याच वयात घरात तिचं औषध बंद होतं.

हे एका घरापुरतं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये २०१६ साली बाह्यरुग्ण विभागात आलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १८ वर्षांपर्यंतच्या गटात एका मुलीमागे जवळपास दोन मुलगे (१.९३) होते. जी मुलगी डॉक्टरपर्यंत पोचतच नाही, तिच्या हातात चिठ्ठी तरी कुठून येणार?

पातळ औषधाबद्दल. त्यात सालब्युटामॉल असेल तर बाटलीवर वाचा, ५ मिलीत बहुधा २ मिलीग्रॅम असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे पंप "जोरदार" म्हणून टाळायचा आणि वीसपट औषध पोटातून द्यायचं. ते रक्तातून सगळीकडे फिरतं, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. आणि श्वासनलिकेची सूज त्याने उतरत नाही. सूज उतरवतो तो रोजचा पंप. 'जीना' या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून बारा वर्षांवरच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असं स्पष्ट म्हटलंय. पुतणी तेरा वर्षांची आहे.

दिरांची शंका अगदी निराधार नाही, म्हणून झटकू नका. अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड रोज, चार वर्षांहून अधिक काळ दिलं. मोठेपणी त्यांची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. एवढंच. म्हणून आम्ही त्रास आटोक्यात राहील इतकीच कमीत कमी मात्रा ठेवतो. आणि पंपाने उंची खुंटते म्हणाल, तर ती भीती मुलाच्या बाबतीत घरात कुणी का काढली नाही, हे दिरांना शांतपणे विचारा.

—

निशिगंधा:

मी स्वतः दम्याची. आमच्याकडेही "कुणाला सांगू नको" होतं. मी शाळेत पळायच्या शर्यतीतून नाव काढून घ्यायचे, कारण पंप जवळ नसायचा. लग्नाआधी मी मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांनी विचारलं ते एवढंच, की अटॅक आला तर काय करायचं. तिथेच मला कळलं, हे घर चालेल. दोन्ही बाळंतपणांत ब्युडेसोनाइड चालू होतं, स्त्रीरोगतज्ज्ञांनीच बंद करू नका म्हणून बजावलं होतं. गर्भारपणात दमा आटोक्यात नसेल तर बाळाचं वजन कमी भरण्याचा आणि दिवस पुरे व्हायच्या आत बाळंत होण्याचा धोका वाढतो. सासूबाईंना सोयरिकीची काळजी आहे ना, मग हीच गोष्ट त्यांना सांगा. पुतणीशी बोलायला मी आनंदाने तयार आहे.

—

मेडिकलवाले_काका:

माझं तालुक्याच्या गावात औषधांचं दुकान आहे. काउंटरवर जे दिसतं ते सांगतो. मुलाचा पंप संपायच्या आधी वडील स्वतः येतात. मुलीचा घ्यायला आई येते, इकडेतिकडे बघते आणि कागदात गुंडाळून मागते. पुष्कळदा दुसऱ्यांदा येतच नाही. पैशाचा प्रश्न असेल तर डॉक्टरांना औषधाच्या मूळ नावाने लिहून द्यायला सांगा. ही दोन्ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, किमतीवर सरकारी मर्यादा आहे.

आणखी एक. २०० फवाऱ्यांचा पंप असेल आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घेत असतील तर तो ५० दिवसांत संपतो. सुरू केल्याची तारीख पंपावरच पेनाने लिहा. दिवाळीचा पंप शिमग्याला अजून अर्धा भरलेला असेल तर पोरीने तो घेतलेला नाही, हे कुणाला न विचारता कळतं.

—

सायली_पुणे:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल नवऱ्याला हा धागा वाचून दाखवला. भावाशी तोच बोलणार आहे, कारण उंचीचा मुद्दा दिरांनी काढलाय आणि माझ्यापेक्षा भावाचं ते नीट ऐकून घेतील. जाऊबाईंना मी फोन केला. समजवायला नाही, नुसतं विचारायला की रात्री कशी झोपते. त्या बराच वेळ बोलल्या. उशीला टेकून बसून झोपते म्हणाल्या. वही आजपासून ठेवतो म्हणाल्या.

ठरलंय असं की पुढच्या आठवड्यात दोन्ही मुलांना एकाच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं आणि सासूबाईंनाही सोबत घ्यायचं. नातवाच्या तपासणीला येते असं त्या लगेच म्हणाल्या. तिथे डॉक्टरांनी दोघांची चिठ्ठी शेजारी ठेवून त्यांनाच समजावून सांगावं, ही विनंती मी आधी फोन करून करणार आहे. निशिगंधा, तुमचा नंबर पुतणीला द्यायला आवडेल.

अजून एक मदत हवी. शाळेत पंप वर्गशिक्षिकांकडे ठेवावा की दप्तरात? बाई चांगल्या आहेत, पण त्या रजेवर असल्या तर? ज्यांच्या मुली गावातल्या शाळेत पंप घेऊन जातात त्यांनी कसं जमवलं ते सांगा. आणि सांगली-मिरजेकडे पंप, स्पेसर कसा घ्यायचा हे मुलांना समोर बसवून शिकवणारं कुणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.