जुने व्हिडिओ गेम्स आणि कन्सोल : तेव्हा न उमगलेलं, मागाहून कळलेलं (अनुभव धागा)

परवा जुन्या सामानाचं खोकं उपसताना निन्टेन्डोची केशरी बंदूक हाताला लागली आणि हातातलं काम तिथंच राहिलं. टीव्हीवरची बदकं टिपायच्या 'डक हंट' गेमवाली. लहानपणी मला ठाम वाटायचं की चाप ओढला की बंदुकीतून काहीतरी निघतं आणि टीव्हीला जाऊन लागतं. असतं नेमकं उलट! बंदूक काही सोडतच नाही, ती फक्त बघते. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला तर बदक पडलं. बदकं दोन असली तर चौकोन एकामागोमाग एक येतात, म्हणजे कुठलं पडलं ते कळतं. आधी काळा पडदा कशाला, तर कोणी पेटलेल्या दिव्यावर नेम धरून फसवू नये म्हणून. हे सगळं पापणी लवायच्या आत. आताच्या सपाट टीव्हीवर चित्र उमटायला जो किंचित उशीर होतो ना, तेवढ्यात गेमने नेम चुकला असं ठरवलेलं असतं, म्हणून ती बंदूक तिथे चालत नाही.

आणि एक. एका बदकाच्या खेळात दोन नंबरचा कंट्रोलर लावला तर बदक आपल्याला हवं तसं उडवता येतं. दादाला हे माहीत होतं, मला नव्हतं. अख्खी सुट्टी माझी बदकं ऐन वेळी वळत राहिली आणि तो माझ्या मागे बसून होता.

तर लिहा मंडळी. आर्केड (नाणं टाकून खेळायची दुकानातली मशीनं) असो, घरातला कन्सोल असो की हातातला. नुसती नावांची यादी नको, तेव्हा काय वाटलं होतं आणि नंतर काय कळलं ते लिहा.

* * *

मी वयाने तुमच्यापेक्षा बराच मोठा, म्हणून अगदी सुरुवातीपासून सांगतो. काकांकडे मॅग्नावॉक्स ओडिसी होता, १९७२ चा, घरात खेळायचा जगातला पहिला कन्सोल. त्याला आवाज नाही, रंग नाहीत, गुणसुद्धा मोजत नसे. पडद्यावर फक्त पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ. मग टेनिसचं मैदान, भुताटकीचं घर वगैरे कुठून यायचं? तर रंगीत पारदर्शक प्लास्टिकचे कागद मिळायचे, ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे. गोंद लागत नसे, काचेवरच्या स्थिर विजेनेच ते धरून राहायचे, कोपरा सुटला की तळहाताने परत दाबायचा. सोबत फासे, पत्ते, खोट्या नोटा. ते काचेवरून हात फिरवणं मला गेमपेक्षा जास्त आठवतं. राल्फ बेअर यांनी हे यंत्र बनवलं, अटारी कंपनीचा पाँग हा गेम त्याच वर्षी पण नंतर आला. लोक पाँगलाच पहिला म्हणतात तेव्हा मी आवर्जून सांगतो, बेअर यांना त्यांचं श्रेय मिळालंच पाहिजे.

* * *

स्पेस इन्व्हेडर्स! आर्केडमध्ये उभं राहून खेळायचो. पाच रांगा, प्रत्येकीत अकरा, एकूण ५५ परग्रहवासी, आणि जसजसे मारत जाल तसतसे उरलेले जास्त वेगाने सरकायचे, खालचा तो धुप धुप धुप आवाजपण वाढायचा, शेवटचा एकटा उरला की तो असा सुसाट पळायचा की हाताला घाम फुटायचा. मला वाटायचं चिडलेत ते, साथीदार मेले म्हणून. नंतर वाचलं की तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली हा गेम बनवला तेव्हा प्रोसेसरच तोकडा पडत होता, ५५ जण हलवताना मशीन दमायचं, संख्या कमी झाली की काम हलकं म्हणून वेग आपोआप वाढायचा. त्यांनी ते तसंच राहू दिलं! गेम पुढे पुढे अवघड होत जातो ही जी गोष्ट आपण आज गृहीत धरतो, ती तिथे मशीनच्या मर्यादेतून हाती लागली. मला तर हे कळल्यावर तो गेम आणखीच आवडायला लागला.

* * *

फुंकर. कार्ट्रिज, म्हणजे गेमची प्लास्टिकची डबी, कन्सोलमधून काढायचं, फुंकर मारायची, परत घालायचं. आमच्याकडे पुढून कार्ट्रिज आत सरकवायचा कन्सोल होता, लाल दिवा लुकलुकायला लागला की आम्ही तिघं आळीपाळीने फुंकायचो. फुंकरीने काही होत नव्हतं म्हणे, काढून परत घातल्यामुळे पिना नीट टेकायच्या एवढंच. उलट श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात. आता माझ्याकडे आहेत ती कार्ट्रिजं मी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसते. पहिल्यांदा पुसली तेव्हा काडी काळी निघाली.

* * *

द लेजंड ऑफ झेल्डा, सोनेरी कार्ट्रिज. त्याआधी कन्सोल बंद केला की सगळं पहिल्यापासून, नाहीतर लांबलचक पासवर्ड वहीत उतरवायचा, त्यात शून्य की ओ यावरून भांडणं. झेल्डाच्या कार्ट्रिजमध्ये चक्क बॅटरी होती, ती मेमरी जागी ठेवायची. पण बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरायचं आणि मग पॉवर बंद करायची, नाहीतर वीज जाताना मेमरीत भलतंच लिहिलं जाण्याची भीती. धाकट्या भावाने एकदा नुसतंच बंद केलं. तीन आठवड्यांचा खेळ गेला. तो रडला, मग मीही रडलो, आणि मग दोघांनी मिळून पहिल्या गुहेतून लाकडी तलवार परत उचलली. दुसऱ्या वेळी नकाशा आम्ही कागदावर काढला, प्रत्येक पडद्याचा एक चौकोन, आठ ओळी, सोळा रकाने. तो नकाशा त्याच्याकडे अजून आहे.

* * *

पॅकमॅनची २५६ वी पातळी कोणी प्रत्यक्ष पाहिलीये का? मी फक्त दुसऱ्याला खेळताना पाहिली. उजवा अर्धा पडदा अक्षरं आणि आकड्यांनी भरून जातो. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला, त्यात २५५ च्या पुढे जागाच नाही. १९८० साली तोरू इवातानी आणि त्यांच्या टीमला कोणी एवढ्या लांब खेळेल असं वाटलं नसणार.

* * *

वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. डोक्याला विचारलं तर अडखळेन, अंगठे अडखळत नाहीत. काँट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये सुरुवातीला या क्रमाने बटणं दाबली की ३० जीव! ग्रेडियस या आर्केड गेमची घरच्या कन्सोलसाठी आवृत्ती करताना काझुहिसा हाशिमोतो यांनी हा कोड टाकला, कारण तपासून बघताना त्यांना स्वतःलाच गेम फार अवघड जात होता, आणि तो काढायचा राहून गेला. आमच्या पिढीने त्यांचे आभार मानायला हवेत.

* * *

माझा अनुभव आईचा आहे खरं तर. घरात १९८९ चा गेम बॉय, हातात धरायचा कन्सोल, होता, माझ्यासाठी आणलेला, पण टेट्रिस, वरून पडणारे ठोकळे रचून ओळी भरायचा गेम, आईने घेतलं. अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी ते १९८४ मध्ये मॉस्कोत ज्या संगणकावर केलं त्याला ग्राफिक्सच नव्हते, ठोकळे कंसाच्या चिन्हांनी काढलेले, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, चित्रं असती तर लक्ष तिकडे गेलं असतं. तिची पद्धत ठरलेली. उजवीकडे एक रकाना मोकळा ठेवायचा आणि लांब दांडीची वाट बघायची. कारण पहिल्या पायरीला एक ओळ गेली तर ४० गुण, चार एकदम गेल्या तर १२००. मी घाई करायचो. ती ठोकळे गळ्यापर्यंत आले तरी थांबायची, आणि दांडी आली की ओठ घट्ट मिटून ती सोडायची.

त्या टेट्रिसच्या कार्ट्रिजमध्ये बॅटरी नव्हती, त्यामुळे गेम बॉय बंद केला की गुण पुसले जायचे. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटायचं आईला हिशोबाची सवय म्हणून ती लिहिते. तिच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख आणि गुण, तारीख आणि गुण, निळ्या शाईत, काही ठिकाणी नुसतं 'दांडी आली नाही'. आई गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. गेम बॉयला चार नवे सेल घातले, चालू झाला. आता माझी मुलगी त्याच वहीत आईच्या शेवटच्या आकड्याखाली रेघ मारून पेन्सिलने आपले गुण लिहिते, अजून तिच्या आकड्याला पोचलेली नाही, पण उजवीकडचा रकाना मोकळा ठेवायला लागलीये.