मदत हवी आहे: पात्राला मारायचं की जगवायचं?

नमस्कार मंडळी. माझी पहिली कादंबरी शेवटाशी येऊन अडली आहे. नायिकेची धाकटी जाऊ विसाव्या प्रकरणात जाते, असं आराखड्यात आधीच ठरलं होतं. पण लिहिता लिहिता ती इतकी जिवंत झाली, की तिचं मरण आता ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं. वाचवावं, तर नायिकेला घर सोडायला कारणच उरत नाही. तीन महिने तेच प्रकरण पुन्हा पुन्हा लिहितेय.

मोठ्यांनी काय केलं, ते शोधलं. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'च्या मूळ शेवटात नायक पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम असतं ती एस्टेला रस्त्यात ओझरते भेटतात आणि आपापल्या वाटेने जातात. १८६१ मध्ये बुल्वर-लिटन या लेखकमित्राने मुद्रितं वाचून गळ घातली आणि डिकन्सने शेवट बदलला. मला अजूनही मूळचाच खरा वाटतो. टॉलस्टॉयचं उलट. शेजारच्या जमीनदाराकडच्या एका बाईने १८७२ मध्ये रेल्वेखाली जीव दिला, तिचं शव त्याने पाहिलं होतं. 'अ‍ॅना कॅरेनिना' लिहायला घेतली ती पुढच्या वर्षी, आणि तिची नायिकाही तसाच जीव देते. म्हणजे मरण आधी, कथा नंतर!

तुमच्यापैकी जे लिहितात, त्यांनी कृपया सांगा: शेवट आधी ठरवता, की पात्रामागे जाता? आराखडा मोडलात, तर मागची प्रकरणं कशी सावरलीत? आणि वाचकहो, एखाद्या पात्राचं मरण तुम्हाला पटलं, ते नेमकं कशामुळे?