मदत हवी आहे: डबल बास १६० च्या वर जात नाही, आणि फिलनंतर बीट सुटतो

सिडकोचा_ड्रमर
डेथ मेटल वाजवतो. डबल बास, म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रम, मिनिटाला १६० बीटपर्यंत व्यवस्थित येतो. त्याच्या वर गेलो की डावा पाय मागे पडतो आणि थोड्या वेळाने दोन्ही पाय एकदमच आदळायला लागतात. ब्लास्टचंही (हात-पाय मिळून सलग वेगवान ठोके) तेच. दुसरं म्हणजे, फिल (मध्येच घेतलेला ठोक्यांचा तुकडा) मारून परत बीटवर येताना ‘एक’, म्हणजे बारचा (चार बीटच्या चक्राचा) पहिला ठोका, सापडत नाही. गिटारवाला थांबतो आणि सगळे माझ्याकडे बघतात. पुढच्या महिन्यात कॉलेज रोडला छोटा शो आहे आणि त्यातली दोन गाणी १८० ची आहेत. ‘आधी हळू वाजव’ हे ऐकून कंटाळलोय, त्याच्या पलीकडचं काही असेल तर प्लीज लवकर सांगा.

लोखंडी_पाय
अर्धी माहिती दिली आहेस. १६० ला काय वाजवतोस, बीटला दोन ठोके की चार? चार असतील तर दोन्ही पायांचे मिळून सेकंदाला साडेदहाच्या वर होतात आणि ते चांगलंच आहे. पेडल कुठला, स्प्रिंग किती घट्ट? किट अकूस्टिक की इलेक्ट्रॉनिक? ब्लास्ट कुठला, साधा, हॅमर की बॉम्ब? आणि फिल म्हणजे नक्की काय वाजवतोस, ते लिही.

पंचवटी_ताशा
भाऊ, एक सीझन ताशा वाजव. कुठल्याही पथकात जा, सरावाला बसवतील. ताशाचं पान इतकं ताणलेलं असतं की काडी आपोआप उसळते, तुम्ही फक्त बोटांनी तिला सांभाळायचं. मूठ आवळली की हात गेला. तासन्‌तास मिरवणुकीत वाजवणारी पोरं आहेत नाशकात, त्यांचे हात दुखत नाहीत ते यामुळेच. तुमचा ब्लास्ट म्हणजे वेगळं काय आहे?

लोखंडी_पाय
हाताचं पटलं. पण त्याचा डावा पाय अडलाय, ताशा पायाने वाजवतात का?

गंगापूर_रोडकर
फ्लॅटमध्ये वाजवत असाल तर आधी शेजाऱ्यांचा विचार करा. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. किक पेडलचा त्रास हवेतून कमी, स्लॅबमधून जास्त होतो. इलेक्ट्रॉनिक किटलाही तो असतोच, कारण बीटर आपटतो तो शेवटी जमिनीवरच जातो. खाली प्लायवूड, त्याखाली जाड रबर आणि सगळ्यात खाली जुनी गादी टाका. नुसत्या सतरंजीने काही होत नाही, आमच्या वरच्या मजल्यावर मुलगा वाजवतो म्हणून सांगतोय.

सिडकोचा_ड्रमर
काका, शेजाऱ्यांचा प्रश्न नाही, खाली दुकान आहे, रात्री बंद असतं.
@लोखंडी_पाय बीटला चार. पेडल चेनवाला, घेतला तेव्हा होता तसाच आहे. घरी इलेक्ट्रॉनिक, जॅमरूमवर अकूस्टिक. ब्लास्ट सगळाच बॉम्ब, खाली पाय सलग चालूच. फिल म्हणजे उजवा-डावा-उजवा-डावा-पाय-पाय, हेच फिरवत राहतो.

ट्रिगर_हवाच
बास ड्रमला ट्रिगर लाव, म्हणजे ठोका ओळखून ठरलेला आवाज वाजवणारा सेन्सर. हलका ठोका पडला तरी आवाज पूर्ण येतो. मोठ्या बँडमधले कित्येक ड्रमर वापरतात.

लोखंडी_पाय
ट्रिगर आवाज सारखा करतो, वेळ सारखी करत नाही. त्याचे दोन पाय एकत्र पडतायत, म्हणजे ट्रिगरने तीच चूक आणखी स्वच्छ ऐकू येईल. आधी ठोके जागेवर येऊ देत.

ट्रिगर_हवाच
ते मान्य. पण हलकं वाजवायची मुभा मिळाली की पाय ताणत नाही, हाही फायदा आहेच.

सम_आणि_तिहाई
मी तबल्याची आहे, मेटल फारसं ऐकत नाही, पण फिलचं उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. तुमचा बोल सहा मात्रांचा आहे आणि चक्र सोळाचं, चार बीट आणि बीटला चार ठोके. सहा आणि सहा बारा, उरले चार. तिथे तुम्ही तिसऱ्यांदा सहाचा बोल सुरू करत असणार, म्हणून सम, म्हणजे तुमचा ‘एक’, दोन मात्रा पुढे सरकते. दोनदा सहा वाजवा आणि शेवटी चारचा तुकडा घ्या: उजवा-डावा-पाय-पाय. मग पुढचा ठोका समेवरच पडतो. आधी हाताने टाळी देत तोंडाने म्हणा, मगच किटवर बसा.

लोखंडी_पाय
ताई, अगदी बरोबर पकडलंत. यात एकच भर: तीन बार बीट आणि चौथ्यात फिल, असं मेट्रोनोमवर फिरवत राहायचं. नुसता फिल घोकला तर परतीचा रस्ता पाठच होत नाही.

आता पाय. बसतोस कशावर?

सिडकोचा_ड्रमर
घरी प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्याने काय होतं?

लोखंडी_पाय
बरंच होतं. त्या खुर्चीवर गुडघा कमरेच्या वर येतो आणि प्रत्येक ठोक्याला अख्खी मांडी उचलावी लागते. साधारण १६० पर्यंत मांडीने भागतं, त्याच्या वर घोट्याने वाजवावं लागतं. बहुतेक जण याच सांध्यावर अडकतात. स्टूल असं घे की कंबर गुडघ्यापेक्षा थोडी वर राहील. टाच जेमतेम उचललेली, पाय पेडलवर थोडा मागे.

आणि हळूपासून चढत जाऊ नकोस. मेट्रोनोम थेट १८० ला लाव, फक्त एका बीटचे चार ठोके मार, पुढच्या ‘एक’वर थांब, श्वास घे. घोट्याला तो वेग कसा लागतो ते कळू दे. मग दोन बीट, मग पूर्ण बार. प्रत्येक वेळी डाव्या पायाने सुरुवात कर. नडगी जळायला लागली की त्या दिवशी बंद.

शोपुरता उपाय: बॉम्ब ब्लास्ट सोड, साधा वाजव. उजवा हात आणि उजवा पाय एकत्र, डावा हात स्नेअरवर मधल्या जागेत. १८० ला एका पायाला सेकंदाला सहाच ठोके येतात आणि डावा पाय मोकळा राहतो.

जुना_थ्रॅशर
साधा ब्लास्टच खरा ब्लास्ट. नेपाम डेथ बँडचा ड्रमर मिक हॅरिसने त्याला हे नाव दिलं.

ट्रिगर_हवाच
नाव त्याचं असेल, पण एस.ओ.डी. बँडच्या १९८५ च्या रेकॉर्डवर ड्रमर चार्ली बेनांतेने तो आधीच वाजवलाय.

जुना_थ्रॅशर
त्याच्याही आधी हार्डकोर पंकवाले वाजवत होते. वेगळा धागा काढतो यावर.

सिडकोचा_ड्रमर
मित्राकडून स्टूल आणलं. डावा पाय अजून कच्चा आहे, पण १८० ला एक बार निघतोय. फिल सहा-सहा-चार केला आणि काल जॅमला एकदाही थांबलो नाही. ताई, तीनच्या बोलांचा फिल सोळात कसा बसवायचा?

सम_आणि_तिहाई
पाच वेळा तीन, म्हणजे पंधरा. उरलेल्या एका जागी पायाचा ठोका मारा आणि समेवर क्रॅश (मोठी झांज). पाचव्यांदा वाजवताना घाई होते, तिथे मोठ्याने मोजा.