डॉपलरच्या (शिरांमधला रक्तप्रवाह बघायच्या सोनोग्राफी स्कॅनच्या) आधीच रक्त पातळ करायचं इंजेक्शन घ्यावं का? लवकर सांगा

उन्हाळी: बाबांची डावी पोटरी कालपासून सुजलीय, हात लावला तरी कळवळतात. डॉक्टर म्हणाले, शिरेत गुठळी असू शकते. डॉपलर उद्या होईल, पण इंजेक्शन आजच सुरू करा. गुठळी निघालीच नाही आणि उगाच रक्तस्राव झाला तर? तासाभरात कळवायचंय.

गारवेल: वय? चालू औषधं? आधीची दुखणी? काहीच लिहिलं नाहीये.

तिठा: बाळंतपणानंतर माझ्या मांडीत गुठळी झाली होती. सकाळी बघू म्हणून थांबले आणि पहाटे धाप लागली. गुठळी फुप्फुसात गेली होती. थांबू नका.

चांदवा: आईला असेच दोन डोस दिले. निघालं काय, तर गुडघ्यामागची बेकर सिस्ट (पाण्याची गाठ) फुटलेली. पोटरीत रक्त साकळून घोट्यापर्यंत काळंनिळं झालं. आधी डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करा, निगेटिव्ह आली की विषय संपला.

गारवेल: संपत नाही. डॉक्टरांना पाय तपासून गुठळीची शक्यता कमी वाटली तरच त्या निगेटिव्हवर विसंबता येतं. आणि रक्त इंजेक्शनच्या आधी काढायचं, नंतर आकडा कमी येऊ शकतो.

काजवा: लांबच्या प्रवासात दर तासाला उठून चालावं, पाणी प्यावं.

उन्हाळी: प्रवास केलाच नाही हो! वय ६८. बीपीची गोळी, गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी. ४ वर्षांपूर्वी अल्सरमधून रक्त गेलं होतं, शी डांबरासारखी काळी व्हायची. आता बरं आहे म्हणून लिहिलं नाही.

तिठा: डॉक्टरांना सांगितलंय का हे?

उन्हाळी: नाही.

गारवेल: मग आधी फोन करा. खरा धोका इथे आहे. डायक्लोफिनॅकसोबत हे इंजेक्शन म्हणजे पोटात रक्तस्रावाची भीती वाढते. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करायचं का तेही विचारा. बाकी डॉक्टर वावगं सांगत नाहीयेत. ब्रिटनच्या नाइसची (उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेची) सूचनाही हीच आहे: स्कॅन ४ तासांत होणार नसेल तर तोवर औषध द्या आणि २४ तासांत स्कॅन करा. मधल्या वेळात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठा.

चांदवा: तरी माझं म्हणणं, आधी स्कॅन.

तिठा: आणि रात्री काही झालं तर?

उन्हाळी: फोन झाला. अल्सरचं ऐकून म्हणाले, आत्ताच घेऊन या, डॉपलर आजच करू, इंजेक्शनचं इथे आल्यावर ठरवू. डायक्लोफिनॅक बंद. निघतेय.

चांदवा: गुडघ्याच्या मागची बाजूही बघायला सांगा.