विषय: डिसेंबरची सेवा-सहल

प्रेषक: युवा समिती

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरच्या सुट्टीत इथून, अमेरिकेतून, आपली हायस्कूलची बारा मुलं बीड जिल्ह्यात न्यायचा विचार आहे. तिथली एक संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करते. आठ दिवस इंग्रजी शिकवायचं, खेळ घ्यायचे, शाळेच्या भिंती रंगवायच्या. मुलांच्या सेवेच्या तासांची नोंदही होईल. मंडळाच्या वर्गणीतून संस्थेला काही रक्कम द्यावी असंही सुचवतो. ज्यांना मुलांना पाठवायचं असेल त्यांनी रविवारपर्यंत कळवावं.

प्रेषक: एक सभासद, कोलंबस

दादा, मुलांना तिकडे न्यावंसं तुम्हाला वाटलं याचा फार आनंद झाला. म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

डिसेंबरात त्यांतली बरीच मुलं बीडमध्ये नसतातच. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्याकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली. ती फेडायला मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम साखर कारखान्याच्या आसपास, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. सांगली, कोल्हापूर, काही टोळ्या थेट कर्नाटकात. गावात मागे राहतात ती आजी-आजोबांजवळची किंवा हंगामी वसतिगृहातली मुलं.

लग्नाआधी मी एक हंगाम साखरशाळेत, म्हणजे कारखान्याजवळच्या या मुलांच्या हंगामी शाळेत, शिकवलं आहे. पहिले काही आठवडे आठ-दहा वर्षांच्या मुली वर्गात येतच नव्हत्या. पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असं मी धरून चालले होते, आणि एका आईला तसं बोललेही. ती म्हणाली, “बाई, तान्हं कुणापाशी ठिवू?” आई पहाटे उसाच्या फडात जायची आणि धाकटं भावंड थोरलीच्या कडेवर. मग आम्ही वर्गातच जुन्या लुगड्यांच्या दोन झोळ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी चार मुली बाळं घेऊन आल्या. शिकवणं रडारडीत अर्धंच व्हायचं, पण मुली हंगाम संपेपर्यंत आल्या. ही एवढी साधी गोष्ट कळायला मला पाच आठवडे लागले होते.

त्याच हंगामात पाहुण्यांच्या तीन तुकड्या येऊन गेल्या. सगळी मनानं चांगली माणसं. पण दर वेळी अभ्यास बंद, स्वागतगीताची तयारी, मग फोटो. मुलांना ओळीत मीच उभं केलं होतं, आणि त्याची खंत मला अजून आहे. आणि भिंती रंगवायला गावात रंगारी असतो, ते काम त्याला मिळू दे.

मग करायचं काय? संस्थेच्या कार्यकर्त्याला आधी विचारू या. माझ्या ओळखीच्या अशाच एका संस्थेतल्या ताई दिवसभर वस्त्यांवर फिरतात आणि रात्री जागून देणगीदारांचे अर्ज आणि अहवाल इंग्रजीत लिहायला बसतात. त्यांचं मराठी इतकं नेमकं आहे की वाचताना कोपी डोळ्यांसमोर उभी राहते. इंग्रजीत त्याची दोन कोरडी वाक्यं होतात, आणि त्यावर पैसे द्यायचे की नाही ते ठरतं. आपल्याकडे दोन्ही भाषा उत्तम येणारी किती माणसं आहेत! महिन्याला एक अहवाल नीट उतरवून दिला तर तिकडे कितीतरी रात्रींची झोप वाचेल. विमानाचं तिकीट लागणार नाही आणि फोटोही निघणार नाही.

दुसरं इथलं. आपल्या कोलंबसमध्ये भूतानमधून आलेली हजारो नेपाळीभाषक माणसं राहतात. 1990च्या सुमारास त्यांना देश सोडावा लागला. पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढली, आणि 2007-08 पासून त्यांचं पुनर्वसन सुरू झालं. तरुण कामाला लागले, मुलं शाळेत गेली, म्हातारी माणसं मात्र घरात अडकली. गेली तीन वर्षं मी दर शनिवारी अशा एका आमांकडे (नेपाळीत आमा म्हणजे आई) जाते. नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजीचं एक वाक्य वाचायचं असतं, एक लिहायचं असतं, दोन्हींसाठी तीन-तीन संधी. आमांनी आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती. म्हणून आधी देवनागरीतून त्यांचं स्वतःचं नाव शिकवलं, मग तेच रोमन लिपीत. हे आपण करू शकतो, कारण लिपी आपली एकच.

पण एक सांगते. हिंदी येतं म्हणून नेपाळी येतं असं नाही. मी आधी ‘बिहान’ आणि ‘बेलुका’ शिकले, सकाळ आणि संध्याकाळ, कारण गोळ्यांच्या बाटल्या समोर होत्या. आणि डॉक्टरांकडे आपण दुभाषी व्हायचं नाही. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाला विनामूल्य दुभाषी द्यावाच लागतो. तो मागून घेणं आणि येईपर्यंत आमांशेजारी बसणं, एवढंच आपलं काम.

प्रेषक: खजिनदार

पैशांबद्दल. मंडळ अमेरिकेत नोंदलेलं आहे, त्यामुळे आपली रक्कम भारतात विदेशी देणगी ठरते. संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच जावी लागते. 2020च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेऊन दुसरीला देणंही बंद झालं आहे, तेव्हा ओळखीच्या मोठ्या संस्थेमार्फत पाठवू हा मार्ग नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी यात येत नाही. ओसीआय कार्डधारकांची, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, मात्र येते. नोंदणी पाहिल्याशिवाय मी चेक काढणार नाही, राग मानू नये.

प्रेषक: युवा समिती

ताई, तुमचं पत्र घरी मोठ्यानं वाचलं. माझी मुलगी झोळ्यांच्या गोष्टीपाशी थांबली आणि म्हणाली, “आपण आठ दिवसांत काय समजणार होतो?” मला उत्तर देता आलं नाही.

सहल यंदा रद्द करतो. संस्थेला काल फोन केला. भिंतींचं नाव काढल्यावर तिकडून हो-नाही काहीच आलं नाही. अहवालांचं विचारलं तर लगेच दोन मराठी अहवाल पाठवले, त्यातला एक हंगामी वसतिगृहाचा, एकोणीस पानांचा. चौघांनी पानं वाटून घेतली आहेत. मराठीतून इंग्रजीत उतरवणारं आणखी कोणी असेल तर कळवा, तपासायलाही दोन जण हवेत.

शनिवारसाठी सध्या पाच मुलं तयार आहेत. वर्षभर यायचं कबूल असेल तरच नाव द्या, असं त्यांना सांगितलं, तेव्हा बाराची पाच झाली. निर्वासितांच्या इथल्या पुनर्वसन संस्थेची पार्श्वभूमी तपासणी आणि प्रशिक्षण आधी करून घेऊ. ताई, पहिल्या शनिवारी आमांना चालणार असेल तर एकाच मुलीला सोबत न्याल का? बाकीच्यांना आमांनी हो म्हटल्यावरच पाठवतो.