मदत हवी आहे: अ‍ॅम्बेसेडर मार्क २, मागून तेल गळतंय. सील बदला म्हणतात, पण सील आहे कुठे?

मंडळी, गाडी १९७२ ची मार्क २, पेट्रोल, १४८९ सीसी. मुक्काम इंदूर.

बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गेअरबॉक्सच्या मधलं क्लचवरचं आवरण) तळाशी जे भोक असतं तिथून इंजिन ऑइल ठिबकतंय. आमच्या पोर्चला उतार आहे, गाडी नाक वर करून उभी राहते. सकाळी खालच्या पत्र्याच्या ट्रेचा तळ तेलाने झाकलेला असतो. इंजिन चालू ठेवून खाली वाकून पाहिलं तर मात्र जवळपास कोरडं. मध्यंतरी ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात क्लच स्लिप मारायला लागला. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काही चढेना. म्हणजे तेल क्लच प्लेटपर्यंत पोचलंय.

मिस्त्रींचा निकाल एका वाक्यात: "भिया, पीछे की सील गई, गेअरबॉक्स उतरेगा." हात चांगला आहे त्यांचा, वाद नाही. पण त्यांच्याकडे येतात त्या बहुतेक नंतरच्या इसुझू इंजिनाच्या अ‍ॅम्बी, आणि त्यांना मागे रबरी सील असतं. आमचं इंजिन जुनं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज. त्यात पुढे टायमिंग कव्हरला सील आहे, मागे नाही. मागे क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, स्क्रूसारखे आटे कोरलेले असतात. क्रँक फिरला की ते तेल परत चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेल साठणाऱ्या भागाकडे, ढकलतात. इंजिन बंद, की त्यांचं कामही बंद. मग मिस्त्री नेमकं काय बदलणार?

एमजीए या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीतही हेच १४८९ सीसी इंजिन होतं आणि तिच्यासाठी मागे बसवायचे लिप सीलचे (दांड्याला घट्ट टेकणारी कड असलेलं सील) किट परदेशात मिळतात. कुणी अ‍ॅम्बीला बसवलंय का? टिकलं का? की हा खर्च आधी दुसरीकडे करावा?

प्रतिसाद:
गेअरबॉक्सला हात लावू नका अजून. आठवडाभर गाडी उलटी लावा, नाक उताराकडे. ट्रे कोरडा राहिला तर तेल आट्यांच्या फटीतूनच झिरपतंय. तेलाची पट्टीही बघा. वरच्या खुणेच्या वर तेल असेल तर एवढ्यानेच गळती वाढते.

प्रतिसाद:
आणि ब्रीदर पाईप, इंजिनातली वाफ-धूर बाहेर सोडणारी नळी! तो तुंबला की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या वाटेने बाहेर पडतं. इंजिन गरम असताना तेल भरायचं झाकण काढून पाहा. धूर भकाभका येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तिथे सील बसवून काय होणार? मॅनिफोल्डखाली, इंजिनाच्या बाजूला, टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) दोन झाकणं आहेत. मागच्या झाकणाचं पॅकिंग फुटलं की तेल ब्लॉकवरून ओघळत बेल हाउसिंगवर येतं आणि सगळे क्रँकला दोष देतात. रॉकेलने धुवा, पुसा, टाल्कम पावडर मारा, एक चक्कर मारून या. ओघळ कुठून सुटलाय ते पांढऱ्यावर लगेच दिसेल.

धागाकर्ता:
पाईप काढला. आत काळा चिकट गाळ, तारेने ढोसून काढावा लागला. झाकणातून धूर अगदी किरकोळ. मागच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन तडकलंय, तेही बदलतोय. पण क्लचचं काय? तेल पिलेली प्लेट पेट्रोलने धुऊन चालते का?

प्रतिसाद:
नाही. थोडे दिवस बरी वाटते, मग लायनिंगमध्ये मुरलेलं तेल तापून वर येतं. प्लेट नवीनच टाका, पण गळती थांबल्याची खात्री झाल्यावर. तेव्हा गेअरबॉक्स उतरेलच, तर क्लचचं कार्बन बेअरिंगही (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) बदलून घ्या. क्रँक वर-खाली हलतो का तेही तेव्हाच पाहा. मागचं मेन बेअरिंग झिजलं असेल तर क्रँक खाली बसतो, आट्यांभोवतीची फट एकसारखी राहत नाही. तसं निघालं तर आधी बेअरिंगचं काम, किटचा विचार त्यानंतर.