गावातल्या घरी स्प्लिट एसी चालन का? व्होल्टेज कमी हाय अन् दोन दुकानदार दोन गोष्टी सांगते

दारव्हा_कपाशी
राम राम मंडळी. यंदा घरी एसी घ्यायचं पक्कं करून रायलो. बाबांचं वय झालं, बीपीची गोळी चालू हाय, अन् नवतपात दुपारी त्यांच्या खोलीत बसवत नाही. कुलर हाय पण त्याले दिवसभर पाणी लागते अन् मे महिन्यात आमच्या गावात प्यायच्याच पाण्याचे वांधे असते. खोली १० बाय १२ ची, वर स्लॅब, पश्चिमेची भिंत दुपारपासून उन्हात तापते. एक दुकानदार म्हणते १ टन बस्स, दुसरा म्हणते दीड टनाच्या खाली घेऊच नका. आई म्हणते बंद खोलीत बाबांले घुसमटल्यावानी होईन, तं मी म्हटलं बाहेरची हवा पाईपातून येत असन ना? अन् संध्याकाळी सगळ्यांचे कुलर चालू झाले की व्होल्टेज १७० वर येते, कधी त्याच्याही खाली. एवढ्यात एसी चालते का, जाणकारांनी सांगा.

फ्रिजएसी_मोर्शी
भौ, पाईपातून हवा बिलकुल येत नाही. त्या दोन तांब्याच्या नळ्यांमधून फक्त गॅस फिरते, आजकाल बहुतेक आर-३२. एसी खोलीतलीच हवा ओढते, थंड करते अन् परत खोलीतच सोडते. आपला माठ कसा पाणी पाझरून थंड होते, पाणी सुकता सुकता उष्णता घेऊन जाते, तेच काम इथं गॅस करते, फक्त तो उडून जात नाही, बंद नळीत गोल फिरते. आतल्या युनिटच्या कॉइलमध्ये पातळ गॅसची वाफ होते तेव्हा तो खोलीतली उष्णता ओढून घेते. मंग बाहेरचा कॉम्प्रेसर त्या वाफेले दाबते, दाबली की ती लय गरम होते, ती उष्णता बाहेरचा पंखा हवेत फेकून देते, अन् गॅस परत पातळ होऊन आत येते. म्हणजे एसी थंडी तयार नाही करत, आतली गरमी उचलून बाहेर टाकते. एवढं ध्यानात आलं की बाकी सगळं आपोआप समजते.

आता आपल्या विदर्भाची अडचण सांगतो. गरमी बाहेर फेकायची तं बाहेरच्या कॉइलमधला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा गरम पाहिजे. बाहेर ४६ डिग्री असन तं गॅसले त्याच्या बरंच वर जावं लागते, कॉम्प्रेसरवर ताण येते अन् थंडी कमी पडते. डब्ब्यावरची क्षमता साधारण बाहेर ३५ डिग्री धरून मोजलेली असते, म्हणून मुंबई-पुण्यात १ टनाले जी खोली होते ती आपल्याकडं मे महिन्यात होईनच असं नाही. १ टन म्हणजे ताशी १२००० बीटीयू. तुमच्या खोलीले वर स्लॅब अन् पश्चिमेची भिंत हाय तं मी दीड टन इन्व्हर्टरच सांगीन. इन्व्हर्टर खोली थंड झाल्यावर कॉम्प्रेसर हळू चालवते, सारखा बंद-चालू करत नाही, म्हणून दीड टन घेतला तरी बिल त्या मानानं वाढत नाही.

अन् बसवताना वॅक्युम पंप लावल्याशिवाय गॅस सोडू देऊ नका. काही पोरं टाईम वाचवाले थोडा गॅस सोडून नळीतली हवा काढते, पण हवा अन् ओलावा आत राहिला की तिथूनच पुढची कटकट सुरू होते. "दरवर्षी गॅस भरावा लागते" असं कोणी सांगितलं तं मानू नका. गॅस संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठंतरी लिक हाय, आधी ते शोधा.

ब्रह्मपुरीची_लेक
दादा, घुसमटीचं सांगते. आमच्या सासूबाईंलाही तीच भीती होती. दोन-तीन घंट्यांनी दार थोडा वेळ उघडं ठेवायचं, गावच्या घरात दाराखालून फटी असतातच. बाबांसाठी १८ वर लावू नका, २६-२७ वर ठेवून छताचा पंखा हळू चालवा. सरकारनंही २०२० पासून नवीन एसी चालू करताना २४ डिग्रीच यावे असं ठरवलंय. १६ वर लावल्यानं खोली लवकर थंड होते हा गैरसमज आहे, नुसता एसी जास्त वेळ जोरात चालतो.

एक अजून, कुलर अन् एसी सोबत लावायचा नाही. कुलर हवेत ओल सोडतो अन् त्याला खिडकी उघडी लागते, एसीला ती ओल पिळून पाणी करून बाहेर काढावी लागते. ड्रेनच्या पाईपातून पडतं ते तेच पाणी. आमच्याकडं जूनमध्ये धानाच्या पेरणीच्या वेळी उकाडा असतो, तेव्हा कुलर लावला की अंग अजून चिकट होतं, तिथं एसीचा खरा फायदा कळतो. अन् पैसे असले तर आधी स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा निदान चुना मारून घ्या, गरमी आतच कमी आली तर मशीनला काढावीही कमी लागते.

वायरमन_तेल्हारा
व्होल्टेजचं मी सांगतो कारण ह्याच्यातच लोक फसते. स्टेबिलायझर पावर तयार नाही करत. १७० चं २२० करून देते पण त्यासाठी लाईनीतून करंट जास्त ओढते. मीटरपासूनची वायर बारीक असन तं ती तापते अन् व्होल्टेज अजून खाली जाते. म्हणून एसीसाठी मीटरपासून वेगळी ४ एमएम कॉपरची लाईन, वेगळी एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) अन् पक्की अर्थिंग करून घ्या, कुलरच्या प्लगात एसी लावू नका. कित्येक इन्व्हर्टर एसी कमी व्होल्टेजमध्ये चालते पण किती कमी ते कंपनीनुसार वेगळं असते, माहितीपत्रकात आकडा पाहून मंगच घ्या. तुमचं १७० च्याही खाली जात असन तं १३० पासून उचलणारा स्टेबिलायझर पाहा. अन् घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर एसी चालन असं धरू नका, दीड टन पूर्ण जोरात असला की दीड हजार वॅटच्या आसपास ओढते.

संध्याकाळी रोजच १७० होत असन तं डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड जास्त झाला हाय. चार-पाच घरांनी मिळून वीज कंपनीले लेखी अर्ज द्या, एकट्याच्या तोंडी सांगण्यानं काम हलत नाही. मीटरचा मंजूर भार किती हाय तेही बिलावर पाहून घ्या.

दारव्हा_कपाशी
लय उपकार झाले सगळ्यांचे. मोर्शीवाले भाऊ, बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर लावलं तं पाईप कमी लागते असं दुकानदार म्हणते. उत्तरेकडं गोठा हाय, तिकडं लावू का?

फ्रिजएसी_मोर्शी
उत्तरेकडंच लावा, पाईप थोडा जास्त लागला तरी चालते, त्याचे पैसे वेगळे लागन फक्त. पण गोठ्याच्या आत नाही. कुटाराची धूळ कॉइलमध्ये बसली की हवाच जात नाही. गोठ्यापासून दूर, मोकळ्या भिंतीवर, समोर तीन-चार फूट जागा सोडून लावा, अन् सावली करायची तं वरून पत्र्याची झडप द्या, चारही बाजूंनी झाकू नका. तुरी-सोयाबीनचा थ्रेशर घराजवळ चालते तेव्हा आतली जाळी दर आठवड्याले पाण्यानं धुवा अन् बाहेरची कॉइल मेन बंद करून साध्या पाण्यानं, जोराचा फवारा न मारता.